आई घरी नाही

शुक्रवार, तेमा

घानाची राजधानी आक्रा, तिथल्या विमानतळावर पासपोर्टच्या आधी पिवळं कार्ड मागतात, म्हणजे पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला. ताईने तो इतका जपून ठेवला होता की आधी मेतकूट, मग डिंकाचे लाडू, मग बाळाची कुंची आणि दुपटी असं सगळं बाहेर आल्यावर तो हाती लागला. तोवर तिथल्या बाईंनी कुंची उलटसुलट करून बघितली होती. "बेबी?" एवढंच विचारलं आणि कार्डाकडे ओझरतं बघून आम्हाला पुढे सोडलं.

भाची तेमाला राहते. आक्राच्या पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवरचं हे बंदर घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळातलं, १९६२ साली सुरू झालेलं. कारखाने, गोदामं आणि आकडे लावलेल्या वसाहती: कम्युनिटी एक, कम्युनिटी दोन. ग्रीनिचची रेषा या गावातून जाते, त्यामुळे घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे. जानेवारी आहे, म्हणजे सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा वारा वाहतोय. आकाश पिठूळ आणि सगळ्यांचे ओठ फुटलेले.

बाळ बुधवारी जन्मलं. इथे जन्मवाराचं एक नाव माणसाला आपसूक मिळतं, तेव्हा आमच्या नातीला बारशाआधीच तीन नावं मिळाली होती. शेजारचे तिला अकुआ म्हणतात, ड्रायव्हर फांटी असल्याने तो एकुआ म्हणतो, आणि तिला सांभाळणारी आंटी एवे, तिच्या तोंडी आकू. फांटी आणि एवे हे इथले दोन समाज, दोघांच्या भाषा वेगळ्या. ताईच्या हस्ते नाव ठेवायचं म्हणून बारसं लांबवलंय. आंटी माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान असेल, पण सगळे तिला आंटीच म्हणतात, तर मीही.

दुपारी आकू रडायला लागली. ताईने सगळं भांडार उघडलं. पोट शेकलं, बेंबीभोवती हिंग लावला, मांडीवर घेऊन 'जो जो रे' केलं. माझी सगळी नोकरी शाळेत गाणं शिकवण्यात गेली, म्हणून मीही सूर लावून पाहिला. मुलगी काळीनिळी. आंटी दारात येऊन उभी राहिली. विचारलं काहीच नाही, नुसते हात पसरले. मग कमरेत वाकून पाठ आडवी केली, बाळाला काखेखालून सरकवून पाठीवर पालथं घातलं, त्याचे पाय कमरेच्या दोन बाजूंना. ताई किंचाळलीच. बाळ कशाच्याही आधाराशिवाय पाठीवर पडून, आणि आंटी निवांत दोन वार छापील कापड झटकतेय. ते तिने पाठीवरून टाकलं, बाळाच्या मानेपर्यंत ओढलं, वरची टोकं छातीवर आवळून आत खोचली, खालची बाळाच्या बुडाखालून पुढे घेऊन पोटावर खोचली. गाठ नाही, पिन नाही. ती सरळ उभी राहिली तेव्हा बाळाचा एक गाल आणि दोन तळपाय एवढंच बाहेर होतं.

मग गाणं. 'तू तू ग्बोवी, तू तू ग्बोवी'. चारपाच ओळी, पुन्हा पुन्हा त्याच. घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज. गुडघ्यात किंचित वाकत ती डावी-उजवी डुलत होती, तो ठेका दोनाचा. मागे नेलेला हात बाळाच्या बुडावर थापट्या मारत होता, त्या तीनाच्या. गाणं या दोन्हींच्या मधून वाट काढत होतं. शाळेतल्या मुलांना दोनावर तीन शिकवता शिकवता माझी निम्मी वर्षं गेली, आणि ही बाई ते बाळ पाठीवर घेऊन, खिडकीतून रस्त्यावरची गंमत बघत करत होती. आकूचा कान तिच्या पाठीच्या कण्याला टेकलेला. तिला ते गाणं हवेतून कमी आणि हाडातून जास्त ऐकू येत असणार. दुसऱ्या फेरीत रडं थांबलं, थोड्या वेळाने तळपाय सैल पडले.

"आवाज जरा घोगराच आहे तिचा," ताई म्हणाली. बाकी काही बोलायला उरलंच नव्हतं.

रात्री जेवताना भाचीने गाण्याचा अर्थ सांगितला. बाळा, तुझी आई घरी नाही, बाबा घरी नाहीत. माझ्या लाडक्या, उगी उगी, गप्प हो. घानातल्या शाळाशाळांत हे गाणं पाठ असतं, एवे नसलेल्यांनाही. ताईचा घास हातातच राहिला. "असं कुणी सांगतं का बाळाला? आई घरी नाही म्हणून?"

"मी नसतेच ना आता, आई," भाची म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून ऑफिस." इथल्या २००३ च्या कामगार कायद्यात बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवडे मिळतात, अर्थात ज्यांना मिळतात त्यांना.

शनिवार, आक्रा

आक्रात बघण्यासारखं पुष्कळ आहे. आम्ही स्वातंत्र्य चौक गाडीतूनच बघितला, कारण मला कॅन्टोन्मेंट्स भागातलं एक घर गाठायचं होतं. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस शेवटची वर्षं तिथे राहिले. १८६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय विद्वान एन्क्रुमांच्या बोलावण्यावरून १९६१ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, आफ्रिकेचा विश्वकोश करायला इथे आला. २७ ऑगस्ट १९६३ रोजी ते इथेच वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. आपल्याला त्यांची ओळख असायला आणखी एक कारण आहे. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यु बॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यु बॉइसनी उत्तरही धाडलं.

मी आले होते ती मात्र एका अंगाईसाठी. १९०३ साली निघालेल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या त्यांच्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात एका गाण्याची स्वरलिपी छापली आहे. त्यांच्या आजोबांच्या आजीला एका डच व्यापाऱ्याने आफ्रिकेतून पकडून नेलं. हडसनच्या खोऱ्यातल्या थंडीत ती बाई कुडकुडायची, डोंगरांकडे बघत बसायची आणि गुडघ्यांत धरलेल्या लेकराला हे गाणं म्हणायची. लेकराने आपल्या लेकरांना म्हटलं, त्यांनी त्यांच्या. असं दोनशे वर्षं चालत ते ड्यु बॉइसपर्यंत आलं. शब्द कुठल्या भाषेतले, काय सांगतात, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एवढा मोठा समाजशास्त्रज्ञ लिहितो की अर्थ आम्हाला ठाऊक नाही, पण सूर काय सांगतो ते पक्कं ठाऊक आहे.

त्या बाईबरोबर जहाजातून दुसरं काय आलं असेल? कापड गेलं, नाव गेलं, देव गेले. उरलं ते बाळाला निजवायचं गाणं, कारण ते काढून घ्यावंसं कुणाला वाटलंच नाही. मालकाला त्याचं काय करायचं होतं? शेतातल्या गाण्यांवर मुकादमाचं लक्ष असायचं, अमेरिकेत कित्येक ठिकाणी ढोलांवर बंदी आली. झोपडीत रात्री मूल निजवणाऱ्या बाईकडे कुणी फिरकलं नाही.

अंगणात गोल छपराखाली त्यांची समाधी आहे, पत्नी शर्ली ग्रॅहम यांच्या अस्थीही तिथेच. मी वहीत उतरवून आणलेली ती ओळ हळूच म्हणून पाहिली. झाडणारा माणूस थांबला, ऐकलं, पुन्हा झाडायला लागला. त्यालाही शब्द कळले नसावेत.

रविवार, एल्मिना

पहाटे निघालो. रविवारी सकाळी घाना पांढऱ्या कपड्यांत असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चर्चला निघालेली कुटुंबं, पाठीवर बाळं, बाळांनाही पांढरी झबली.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला. वास्को द गामा कालिकतला लागायच्या सोळा वर्षं आधी आणि गोवा घ्यायच्या अठ्ठावीस वर्षं आधी. आग्वाद, रेइश मागूश बघितलेल्या माणसाला इथल्या भिंती ओळखीच्या वाटतात, आणि ते ओळखीचं वाटणंच नको होतं. १६३७ मध्ये डचांनी किल्ला घेतला आणि १८७२ पर्यंत ठेवला. गुलाम म्हणून पकडून आणलेल्या बायकांच्या चौकात उभं राहून वर बघितलं की गव्हर्नरचा सज्जा दिसतो. त्या सज्जातून तो खाली बघून बाई निवडायचा, हे गाइडने सवयीच्या आवाजात सांगितलं.

ड्यु बॉइसच्या आजोबांच्या आजीला कुठल्या किनाऱ्यावरून नेलं त्याची नोंद नाही, तेव्हा ती याच चौकात होती असं मी म्हणणार नाही. पण लेकुरवाळ्या बायका इथे होत्याच. आमच्या घोळक्यातलं एक मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला पाठीवर बांधलं आणि बाहेर नेलं. गाइड तेवढा वेळ थांबला. त्या मधल्या मिनिटभराबद्दल लिहायला गेलं की ते खोटं होतं, म्हणून राहू दे.

परतताना समुद्राकाठी रंगीत होड्या, भाजलेले मासे, ताईसाठी नारळपाणी. ती आत आलीच नव्हती.

सोमवार

हवेत धूळ इतकी की सूर्य पांढरा. लेगॉनच्या विद्यापीठात फेरफटका मारला. संगीताचे अभ्यासक क्वाबेना न्केतिया (१९२१–२०१९) यांनी इथे बसून १९५० च्या दशकापासून गावोगावची गाणी मुद्रित केली. त्यांचा संग्रह आज त्यांच्याच नावाने चालतो.

एक गोष्ट मला इथे आल्यावर नीट उमगली. एवे काय किंवा आकान (फांटी ही तिचीच बोली) काय, दोन्ही भाषांत सूर चढला-उतरला की शब्द बदलतो. म्हणजे चाल हवी तशी बांधता येत नाही, ती बोलण्याच्या मागून चालते. म्हणूनच आंटीचं गाणं मला गाण्यापेक्षा बोलण्यासारखं वाटलं होतं. जर्मन मिशनऱ्यांनी युरोपातल्या चालींवर एवे शब्द बसवले तेव्हा स्तोत्रांचे भलतेच अर्थ होऊ लागले. पेकी गावचे संगीतकार एफ्राइम आमू यांनी (१८९९–१९९५) शब्दांच्या चढउताराप्रमाणे नव्या चाली बांधल्या. हेच आमू आफ्रिकी वस्त्र नेसून प्रवचनाला उभे राहिले म्हणून मिशनचे लोक नाराज झाले आणि त्यांची शिक्षकाची नोकरी गेली.

मग अर्थ न कळता आकू का झोपते, आणि मला ते गाणं ऐकून घशात का दाटलं? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठ देशांतल्या ७५० लोकांना जगभरच्या छोट्या समाजांतली गाणी ऐकवली. भाषा माहीत नसताना नाचाची गाणी आणि अंगाया लोकांनी बऱ्यापैकी ओळखल्या. ओळखणं समजलं. घशात दाटण्याचं तसं मोजमाप कुणी काढेल असं मला वाटत नाही, आणि काढू नये.

मंगळवार, केटाच्या वाटेवर

आंटीची सुट्टी होती. तिच्या गावी, केटाला, मलाही यायचंय म्हटल्यावर ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मच्छर आहेत." भाचीने गाडी दिली. पुढे ड्रायव्हर, मागे आम्ही दोघी आणि आंटीच्या पिशव्या: तांदूळ, साबण, टोमॅटोच्या पेस्टचे डबे, मुलीचे शाळेचे बूट.

मुलीचे बूट? हो, तिची मुलगी. पहिलीत आहे. केटाला आजीजवळ असते. आंटी महिना-दोन महिन्यांतून एकदा जाते. हे तिने मला दावेन्याच्या पुढे, कोरड्या माळावर नजर लावून सांगितलं, पगार सांगावा तितक्या सरळ. मी मनात तिचं गाणं पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. आई घरी नाही, असं ती माझ्या नातीला सांगत होती तेव्हा त्या नातीची आई शेजारच्या खोलीत झोपलेली होती.

सोगाकोपेला व्होल्टा नदीवरचा पूल लागतो. गाडी जरा मंदावली की डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांचा गराडा पडतो. पाव, तळलेली बारीक मासळी, आणि पानात उकडलेले मक्याचे मऊ, किंचित गोड आबोलो. आबोलो मी पोटभर खाल्ले. वर धरणं झाल्यापासून ही नदी इथे शांत वाहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकोसोम्बो धरणातून पाणी सोडलं तेव्हा हाच काठ बुडाला होता आणि हजारो माणसं घर सोडून शाळांत राहिली होती.

दाबालाहून उजवीकडे वळलं की जमीन अरुंद होत जाते. अनलोगाजवळ वाळूत आखलेले छोटे छोटे वाफे, त्यांत लहान कांदा. पुढे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाजण, मध्ये जेमतेम रस्ता आणि घरं. घानातलं हे सर्वांत मोठं खाजण. केटा त्या चिंचोळ्या पट्टीवर आहे, आणि निम्मं आता नाहीच. समुद्राने गेल्या शंभर वर्षांत जुन्या गावाचे रस्तेच्या रस्ते खाल्ले. डॅनिश लोकांनी १७८४ साली बांधलेल्या प्रिन्झेनस्टाइन किल्ल्याचाही मोठा भाग पाण्यात गेला. आता दगडी बांध घातलेत, तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये लाटा या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत शिरल्या.

संध्याकाळी पोचलो. "वोएझो," आंटीची आई म्हणाली, या या. "योऽ," मी म्हटलं. गाडीत तेवढं शिकून ठेवलं होतं.

बुधवार, केटा

आजी सत्तरीची असावी. मी इंडियाची म्हटल्यावर तिने मला जरा नव्याने न्याहाळलं. या किनाऱ्यावर मामी वाटा नावाची जलदेवता पुजतात आणि तिचं घर समुद्रापार इंडियात आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. त्याला कारण आपली मुंबई. अंगावर साप खेळवणाऱ्या बाईचं एक जुनं जर्मन चित्र १९५५ मध्ये मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने पुन्हा छापलं आणि ते पश्चिम आफ्रिकेत घरोघर गेलं. लक्ष्मी आणि हनुमानाची कॅलेंडरंही इकडच्या देव्हाऱ्यांत पोचली. आजी चर्चची, तिला हे मान्य नाही. पण तिने मला बसायला सगळ्यांत चांगली खुर्ची दिली.

तिचं माहेर कुठलं, मी विचारलं. तिने बांधाच्या पलीकडे बोट दाखवलं. पाण्याकडे. "तिकडे. चिंचेचं झाड होतं."

सकाळी आक्प्ले घोटायचं होतं. मक्याचं आंबवलेलं पीठ पाण्यात शिजवत ठेवायचं आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचं. गोळा घट्ट होत जातो तसा जोर वाढवावा लागतो. आजी बुटक्या स्टुलावर बसली, पातेलं दोन्ही पावलांनी धरलं, आणि धाकट्या सुनेचं तान्हं पाठीवर. दांडा फिरेल तशी तिची पाठ फिरत होती, पाठीबरोबर बाळ, आणि गाणं त्याच गतीला. जात्यावर मांडीशी पोर घेऊन दळत बसणारी आमची आजी आठवली. तिच्याही ओवीला वेगळा ठेका नव्हता, जातं फिरेल तो ठेका. आपण अंगाई म्हटलं की डोळ्यांपुढे पाळणा, चांदणं, निवांत बसलेली आई आणतो. असं निवांत बसायला कुणाला मिळालंय? बाईचे हात कामात असतात, आणि गाणं हे तिसऱ्या हाताचं काम करतं.

गाणं तेच होतं, 'तू तू ग्बोवी'. पण आजीच्या तोंडी मध्येच एक शब्द मला कळला: तेमा. बाळा, आई घरी नाही, आई तेमाला गेलीय. हे ती नातीला निजवताना घालायची, आता सवयीने सुनेच्या तान्ह्यालाही तेच. त्याची आई अंगणात कपडे वाळत घालत होती. आंटी कांदा चिरत होती. तिने मान वर न करता एवेमध्ये काहीतरी फटकारलं आणि दोघीही हसल्या. "काय म्हणालीस?" मी विचारलं. "म्हटलं, मी आले की तरी बदलत जा."

दुपारी आक्प्ले आणि भेंडीचं बुळबुळीत झणझणीत कालवण झाल्यावर ते तान्हं पुन्हा किरकिरलं. तेव्हा आंटीच्या मुलीने, त्या सहा-सात वर्षांच्या पोरीने, त्याला पाठीवर मागितलं. आंटीने कापड तिच्या मापाने दुमडून बांधून दिलं. नवे बूट घालूनच पोरगी अंगणात फेऱ्या मारायला लागली आणि गायला लागली. आई घरी नाही, बाबा घरी नाहीत. तिची आई दोन हातांच्या अंतरावर उभी. पोरीच्या गाण्यात काही फरक पडला नाही. ओळ आली की म्हटली, पुढे गेली. तिच्या आवाजात रड नव्हती, राग नव्हता. होता तो तोरा, पाठीवर बाळ सांभाळतेय याचा. आंटीने तिच्याकडे बघितलं, मग बूट वाळूत खराब होतील म्हणून ओरडली.

मला वाटतं या गाण्याची सगळी ताकद इथे आहे. ते आईने म्हणायचं गाणंच नाही. आजी म्हणते, मोठी बहीण म्हणते, सांभाळणारी बाई म्हणते. जी हजर आहे ती, जी नाही तिच्याबद्दल. बाळाला खोटा चंद्र दाखवत नाही, आई आत्ता येईल असंही सांगत नाही. नाहीये, आणि मी आहे. ताईला ते क्रूर वाटलं. मला आता तसं वाटत नाही.

संध्याकाळी आसपासच्या बायका जमल्या आणि मला म्हणायला लावलं. मी बारशाचा पाळणा म्हटला. पहिल्या दिवशी अमुक, दुसऱ्या दिवशी तमुक, असा थेट बाराव्या दिवसापर्यंत. त्यांनी टाळ्यांचा असा काही ठेका धरला की सातव्या दिवसापाशी मीच घसरले. संपल्यावर आजी म्हणाली, "इतकं लांब? बाळ झोपलं की थांबायचं." मी सांगितलं, हे बाळापेक्षा जमलेल्या पाहुण्यांसाठी असतं, यात बाळाला राम म्हणतात, कृष्ण म्हणतात, शिवाजीराजा म्हणतात. आंटीने ते सगळं एवेत उलगडलं. मागून एका बाईने विचारलं, "आणि मुलगी असली तर?"

मुलगी असली तरी बहुतेक घरांत रामाचा नाहीतर कृष्णाचाच म्हणतात. हे मी तिथे कबूल केलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मला आत्तापर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही इतकी वर्षं मुलींच्या बारशांना तेच गात आलेय.

गावाच्या भिंतींवर मयतीची रंगीत पोस्टरं लागलेली असतात, फोटो, वय, नातेवाइकांची लांबलचक यादी. शनिवारी एका घरी होतं, तिथे आजी गाणार होती. अंगाई म्हणणाऱ्या बायकाच इथे मरणाची गाणीही म्हणतात. जवळच्याच व्हेटा गावचे कवी कोफी आवूनोर यांची आजी शोकगीतं गायची, त्यांची कविता त्यातून उभी राहिली. २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमधल्या हल्ल्यात ते मारले गेले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात भाषातज्ज्ञ लोरेन्झो टर्नर यांनी १९३० च्या दशकात एका कृष्णवर्णीय बाईकडून पाच ओळींचं एक गाणं मुद्रित केलं होतं. तेही असंच, अर्थ हरवलेलं, आईने मुलीला दिलेलं. पुढे सिएरा लिओनमधल्या सेनेहुन न्गोला या गावी ते जवळजवळ तसंच सापडलं. तिथल्या बायका ते मयताच्या विधीत म्हणत. १९९७ मध्ये त्या बाईची मुलगी समुद्र ओलांडून त्या गावी गेली आणि तिने व ते जपून ठेवणाऱ्या तिथल्या बाईने ते एकत्र म्हटलं. तिकडे आई मुलीला शिकवते ते गाणं, इकडे माणूस पोचवतानाचं.

आजीला ही गोष्ट सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यात काय. झोपच ना दोन्ही." मग माझ्या फोनवर तिचं गाणं घेतलं. तिला ते पसंत पडेना, शेळी ओरडली म्हणाली. पुन्हा घेतलं, पुन्हा शेळी. शेवटी शेळीसकट दुसऱ्या मुलाला पाठवायला लावलं. तो शेजारच्या टोगो देशात, लोमेला असतो, त्याच्याकडे नुकतंच मूल झालंय.

गुरुवार, परत

निघताना आंटीच्या मुलीला शाळेची घाई होती. ती आधी गेली, आम्ही मागून.

सोगाकोपेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग आबोलो घेतल्यावर ड्रायव्हरला कंठ फुटला. तुम्ही एवे लोक बाळाला रडकं काहीतरी सांगता, आमच्याकडे असं नाही, म्हणाला. त्याची आई केप कोस्टकडची, मासे विकायची, मेथडिस्ट. ती मुलांना एबिबिन्ड्वोम म्हणून निजवायची. इंग्रजी स्तोत्रं वाचता न येणाऱ्या फांटी बायकांनी आपल्या पद्धतीने, प्रवचन चालू असताना मध्येच उठून म्हणायला सुरुवात केली, ती ही गाणी. "ते चर्च झालं," आंटी म्हणाली, "ती अंगाई नव्हे." "मी झोपायचो ना?" "प्रवचनातही झोपत असशील." त्याने म्हणून दाखवलं. एक ओळ सांगायची, मग तीच जरा वळवून परत, स्टीअरिंगवर बोटांनी ठेका. आवाज फार गोड. माझे डोळे मिटायला लागले, तेव्हा आंटीने त्याच्या खांद्यावर चापट मारली: गाडी चालवताना हे गायचं नाही.

तो काही थांबला नाही. मग तिनेही ठरवलं. दावेन्या मागे पडलं तेव्हा ती त्याच्या स्तोत्राच्या चालीवर आपले एवे शब्द बसवत होती, आकूसाठी, आणि तो मागे वळून वळून ओरडत होता की असं म्हटलंस तर मला एवे येत नसूनही कळतंय, अर्थ बदलतोय.